पहिला नंबर कुठून येतो? दहावीच्या शंभरातल्या वीस गुणांचा हिशेब

आम्ही खर्डीहून बोलतोय. एरवी आम्ही रेडिओवर आलो की बचत, कर्ज, व्याज, बँकेची कागदपत्रं असंच काहीतरी सांगतो. आजही हिशेबच सांगणार आहोत, पण पैशांचा नाही. दहावीच्या गुणांचा.

हा विषय का घेतला, ते आधी सांगतो. दरवर्षी दहावीचा निकाल लागला की आमच्या गटांच्या वतीने मुलांचा गुणगौरव होतो. 2025 च्या निकालानंतरही झाला. पहिली आलेल्या मुलीला दप्तर, शब्दकोश आणि 1,000 रुपये दिले. दुसरीला गुलाबाचं फूल आणि कंपासपेटी. पहिलीला 89.40 टक्के होते, दुसरीला 88. टाळ्या वाजल्या, चहा-पोहे झाले, सगळे घरी गेले.

त्यानंतर दुसऱ्या मुलीची आई दोन महिने बैठकीला आली नाही. बचतीचा हप्ता मात्र शेजारणीच्या हाती वेळेवर पाठवायची. शेवटी आम्हीच तिच्या पाड्यावर गेलो. ती म्हणाली, "ताई, बक्षिसाचं मला काही नाही. पण पोर म्हणते, माझे पेपर तिच्यापेक्षा चांगले गेले होते. माझी पोर खोटं बोलत नाही. मग नंबर कसा गेला?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तर निकालाचा आकडा बघून बक्षीस दिलं होतं. मग दोन्ही मुलींना आणि त्यांच्या आयांना एकत्र बसवलं. मुलींनी शाळेत जाऊन आपापल्या वर्गशिक्षकांकडून अंतर्गत गुण कागदावर लिहून आणले. एकूण गुणांतून अंतर्गत गुण वजा केले की उरतात ते बोर्डाच्या लेखी पेपरचे.

ज्या पाच विषयांवर टक्केवारी काढली, त्यांचा हिशेब असा निघाला. पहिलीचे एकूण 447. त्यात शाळेचे अंतर्गत 97, लेखीचे 350. दुसरीचे एकूण 440. त्यात अंतर्गत 80 आणि लेखीचे 360. म्हणजे बोर्डाच्या पेपरात दुसरी मुलगी दहा गुणांनी पुढे होती. अंतर्गत गुणांत ती सतराने मागे पडली आणि नंबर गेला. पोर खोटं बोलत नव्हती.

ते सतरा गुण कुठं गेले, ते पुढे सांगतो. आधी हे वीस-वीस गुण म्हणजे काय, ते समजून घेऊ.

शंभरातले ऐंशी आणि वीस

आपल्या राज्य मंडळाच्या, म्हणजे एसएससी बोर्डाच्या दहावीला गुणांचे सहा विषय असतात. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र. प्रत्येक विषय शंभर गुणांचा. त्यातले 80 लेखी परीक्षेचे आणि 20 शाळेने द्यायचे. गणितात बीजगणित आणि भूमिती असे चाळीस-चाळीसचे दोन पेपर. विज्ञानाचेही चाळीस-चाळीसचे दोन. समाजशास्त्रात इतिहास-राज्यशास्त्राचे चाळीस आणि भूगोलाचे चाळीस.

शाळेच्या वीस गुणांचं रूप विषयाप्रमाणे बदलतं. भाषांना तोंडी परीक्षा असते. नीट ऐकणं, समजून बोलणं. गणितात गृहपाठाचे दहा आणि छोट्या प्रश्नांच्या चाचणीचे दहा. विज्ञानात प्रयोगाचे वीस, म्हणजे प्रयोग करून दाखवणं आणि प्रयोगवही पूर्ण असणं. समाजशास्त्रालाही असंच वीस गुणांचं अंतर्गत मूल्यमापन असतं. शारीरिक शिक्षणासारख्या विषयांना श्रेणी मिळते, ती टक्केवारीत धरत नाहीत.

या दोन हिश्श्यांत मोठा फरक आहे. ऐंशीचा पेपर तपासणारे शिक्षक आपल्या मुलीला ओळखत नाहीत. त्यांच्यासमोर फक्त उत्तरपत्रिका असते. तो हिशेब फेब्रुवारी-मार्चच्या थोड्या दिवसांत होतो. वीस गुण देणारे शिक्षक मात्र तिला रोज बघतात, आणि तो हिशेब जूनपासून चालू असतो. बोर्डाच्या परीक्षेची भीती आपण सगळ्या बाळगतो. मुलगी पेपरला निघाली की दही-साखर देतो, नारळ ठेवतो. पण तोपर्यंत शंभरातले वीस गुण ठरूनही गेलेले असतात, हे आपल्या गावीही नसतं.

दुसरी गोष्ट, पास व्हायला 35 गुण लागतात ते दोन्ही मिळून. शाळेचे पंधरा असतील तर लेखीत वीस पुरतात. शाळेचे पाचच असतील तर लेखीत तीस मिळवावे लागतात. म्हणजे काठावरच्या मुलीला हे गुण तारतात आणि वरच्या मुलीचा नंबर ठरवतात.

पाच विषय आणि वरचे गुण

टक्केवारी काढताना सहाही विषय धरत नाहीत. ज्या पाच विषयांत जास्त गुण आहेत तेवढेच धरतात आणि सगळ्यात कमी गुणांचा विषय सोडून देतात. याला 'बेस्ट ऑफ फाईव्ह' म्हणतात. आपल्या बोर्डात ही पद्धत 2010 पासून आहे. तेव्हा त्यावर कोर्टकचेरी झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि पद्धत टिकली. म्हणून टक्के नेहमी 500 पैकी निघतात. या पाचशेत लेखीचे 400 आणि अंतर्गत 100. एक विषय बिघडला तर ही पद्धत पोटात घालते. दुसरा बिघडला की ती काही करू शकत नाही.

आता वरच्या नंबरांचा हिशेब बघा. एखाद्या हुशार मुलीला पाचही विषयांत अंतर्गत 18-18 मिळाले, म्हणजे शंभरपैकी 90. तिने लेखीत चारशेपैकी चारशे आणले, तरी तिची टक्केवारी 98. ते दोन टक्के ती पेपरात कितीही चांगलं लिहून भरून काढू शकत नाही. उलट जिला सगळीकडे वीस-वीस आहेत, तिचा नंबर मग लेखीवरच ठरतो. म्हणून जिला वर यायचंय तिला अंतर्गत गुण पूर्ण असावेच लागतात. तिथं ते कमाईचे नसतात, न गमावण्याचे असतात.

याशिवाय कला आणि खेळाचे सवलतीचे गुण असतात. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा अ श्रेणीत पास झाली तर 7, ब श्रेणीत 5 आणि क श्रेणीत 3 गुण मिळतात. खेळात स्पर्धेच्या पातळीप्रमाणे, जास्तीत जास्त 25 पर्यंत. शास्त्रीय कला आणि लोककलांसाठीही नियमांप्रमाणे गुण आहेत. पाचशेत सात गुण म्हणजे जवळजवळ दीड टक्का. आमच्या त्या दोन मुलींमधलं अंतर नेमकं सात गुणांचंच होतं. पेपरात वर्षानुवर्षं 'शंभर टक्के गुण' मिळालेली मुलं दिसतात, त्यामागे बेस्ट ऑफ फाईव्ह आणि हे सवलतीचे गुण दोन्ही असतात.

वीस गुण काढले तेव्हा काय झालं

वीस गुणांनी एवढा काय फरक पडतो, असं कुणी म्हणेल. सुदैवाने आपल्या राज्याने ते करून बघितलेलं आहे.

2018 साली दहावीचा राज्याचा निकाल 89.41 टक्के लागला आणि 125 मुलांना शंभर टक्के गुण मिळाले. शाळा भाषेला सरसकट वीसपैकी वीस देतात, अशी तक्रार होती. म्हणून पुढच्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्राचे अंतर्गत गुण बंद केले. 2019 चा निकाल घसरून 77.10 टक्क्यांवर आला. शंभर टक्के मिळवणारी मुलं राज्यात फक्त 20 उरली, त्यातली 16 लातूर विभागातली. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळा दोष वीस गुणांच्या माथी मारता येणार नाही. पण फटका मोठा बसला. अकरावीच्या प्रवेशात अडचण आली, कारण दुसऱ्या बोर्डांच्या मुलांकडे अंतर्गत गुण होते आणि आपल्या मुलांकडे नव्हते. पालकांनी ओरड केली आणि त्याच वर्षी सरकारने वीस गुण परत आणले. 2020 ला निकाल 95.30 टक्के लागला आणि शंभर टक्केवाले झाले 242. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता, त्याचे गुण सरासरीने दिले, हेही लक्षात ठेवायला हवं.

मग आलं 2021. करोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही. शंभरातले पन्नास गुण नववीच्या निकालावरून दिले, तीस दहावीच्या वर्षभरातल्या शाळेच्या लेखी कामावरून आणि वीस गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे. म्हणजे सगळाच निकाल शाळेच्या हातात. तो लागला 99.95 टक्के. शंभर टक्के मिळवणारी मुलं 957. अकरावीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा ठरवली होती, तीही मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. नववीत ज्यांनी 'दहावी थोडीच आहे' म्हणून टाळाटाळ केली होती, त्यांचे पन्नास गुण तिथंच अडकले.

परीक्षा पुन्हा सुरू झाल्यावर 2022 मध्ये शंभर टक्केवाले 122 झाले. 2025 मध्ये राज्याचा निकाल 94.10 टक्के आणि शंभर टक्केवाले 211.

20, 242, 957, 122. एवढ्या थोड्या वर्षांत मुलं काही एकदम ढ झाली नाहीत आणि एकदम हुशारही झाली नाहीत. मोजायचं माप बदललं. मापटं बदललं की तेच तांदूळ कमी-जास्त भरतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

म्हणून एका शाळेचा पहिला आणि दुसऱ्या शाळेचा पहिला यांची तुलना करताना सांभाळून बोलावं. एक शाळा हात सैल सोडून गुण देते, दुसरी आवळून देते. पूर्वी बोर्ड स्वतः गुणवत्ता यादी काढायचं, पेपरात मुलांचे फोटो यायचे. बोर्डाने ती यादी कधीच बंद केली. आता नंबर काढतो ते आपणच. शाळा काढते, क्लासवाले काढतात, पुढारी फलक लावतात, आणि आमच्यासारखे गट कंपासपेट्या वाटतात.

खरी यादी मात्र एक आहे. ती अकरावीच्या प्रवेशाची. 2025-26 पासून सगळ्या राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, आपल्या शहापूर-मुरबाडचेही. आवडीचं कॉलेज आणि शाखा भरायची आणि गुणांच्या क्रमाने जागा मिळते. तिथं थोड्या गुणांनी जवळचं कॉलेज हुकतं. मुलगी खर्डीहून लोकलने आसनगावला उतरून शहापूरला जाणार, की कल्याणपर्यंत जाणार, की घरीच बसणार, हे त्यावर ठरू शकतं. मुलाला लांब पाठवतील, मुलीला पाठवतील का, हे प्रत्येकीने आपल्या मनाला विचारावं.

ते सतरा गुण

आता त्या मुलीचे सतरा गुण कुठं गेले ते सांगतो.

दिवाळीनंतर आमच्या पाड्यांवरची निम्मी घरं बंद दिसतात. माणसं भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या आधी परततात. ही मुलगी आजीजवळ राहून शाळा करत होती. डिसेंबरात आई भट्टीवर आजारी पडली. धाकट्या भावाला सांभाळायला आणि भाकऱ्या थापायला पोरीला बोलावून घेतलं. 'आठ दिवसांत ये' म्हणून गेलेली मुलगी साडेतीन आठवड्यांनी परत आली.

तेवढ्यात गणिताची चाचणी होऊन गेली. गृहपाठाच्या दोन वह्या अर्ध्या राहिल्या. विज्ञानाचे चार प्रयोग बुडाले, प्रयोगवहीत तेवढी पानं कोरी. परत आल्यावर तिने रात्री जागून पेपरांचा अभ्यास केला आणि तो तिला फळला, 360 गुण आले. पण कोऱ्या पानांचं काय करायचं, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. जे समोर होतं त्याचे गुण मिळाले. यात शिक्षकांचा दोष आम्ही काढत नाही. आई तर बिचारी तापाने फणफणली होती. दोष असेल तर आपल्या सगळ्यांचा, कारण त्या कोऱ्या पानांची किंमत सतरा गुण आहे, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

हे ऐकताना आई गप्प बसली होती. मग मुलीला म्हणाली, "म्हणजे माझ्यापायी गेला तुझा नंबर." मुलगी म्हणाली, "नंबर गेला, पेपर नाही गेले." पहिली आलेली मुलगी शेजारीच बसली होती. तिने तरी काय चूक केली? तिने वर्षभर वह्या पूर्ण ठेवल्या, त्याचेच गुण तिला मिळाले. दोघींचीही मेहनत खरी होती. खोटा होता तो आमचा एका आकड्यावरचा निवाडा.

आईने काय बघायचं

शिकलेली नसली तरी प्रत्येक आई हे करू शकते.

पहिलं, जून-जुलैतच शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना विचारा, "सर, बाई, अंतर्गत गुण कशा-कशाचे आहेत आणि वह्या कधी द्यायच्या?" तारखा मुलीकडून कागदावर लिहून घेऊन भिंतीला लावा.

दुसरं, महिन्यातून एकदा वह्या उघडायला लावा. वाचता आलं नाही तरी पान कोरं आहे की भरलेलं ते दिसतं, आणि खाली शिक्षकांची सही आहे की नाही तेही दिसतं. गणिताची गृहपाठाची वही आणि विज्ञानाची प्रयोगवही आधी बघा.

तिसरं, तोंडी परीक्षेची सवय घरात करा. आपल्या मुली घरी ठाकरी, कातकरी बोलतात आणि वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की मान खाली घालतात. येत नाही म्हणून नव्हे, लाजतात म्हणून गुण जातात. आमच्या बैठकीत आता दहावीच्या मुली आळीपाळीने मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्याने वाचतात आणि बायांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. त्यांची भीड चेपते आणि आपलं इतिवृत्तही सगळ्यांना कळतं.

चौथं, घरात अडचण आली आणि मुलीला शाळा बुडवावी लागली, तर आधी शाळेत सांगा आणि परत आल्यावर बुडालेलं काम भरून द्यायची परवानगी मागा. आजारपणाने किंवा तशाच अटळ कारणाने तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा चुकली, तर लेखी परीक्षेनंतर ती देण्याची सोय बोर्डाने ठेवलेली असते. त्यासाठी शाळेमार्फत लगेच अर्ज करावा लागतो.

पाचवं, चित्रकला, खेळ, लोककलेचं प्रमाणपत्र असेल तर ते पेटीत ठेवून उपयोग नाही. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे वेळेत जायला हवा.

आणि एक लक्षात ठेवा. लेखी पेपरचे गुण कमी वाटले तर निकालानंतर गुणपडताळणी होते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन करता येतं. तोंडी परीक्षेला उत्तरपत्रिकाच नसते. तिथं नंतर काय तपासणार? ते गुण ज्या त्या वेळीच सांभाळावे लागतात. बारावीलाही हेच आहे. भाषेला 80 आणि 20, भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-जीवशास्त्राला 70 लेखी आणि 30 प्रात्यक्षिक.

आम्ही काय ठरवलं

गटाच्या बैठकीत दोन ठराव झाले.

एक, दिवाळीनंतर जे घर भट्टीवर जाईल, त्या घरची दहावीची मुलगी गावातच ठेवायची. आजी असेल तर आजीकडे, नसेल तर गटातल्या एका सदस्येकडे. तिकडे कुणी आजारी पडलं तर पोरीला बोलवायचं नाही, गटाला फोन करायचा. काय करायचं ते आम्ही बघू. आजारपणासाठी गटातून तातडीचं कर्ज मिळतंच.

दोन, गुणगौरवात पहिली, दुसरी, तिसरी असं बोलवायचं नाही. पास झालेल्या प्रत्येक मुला-मुलीला एकसारखं बक्षीस द्यायचं. नापास झालेल्यांच्या घरी जाऊन पुरवणी परीक्षेचा अर्ज भरला का ते विचारायचं. एक-दोन बाया म्हणाल्या, "नंबर नाही काढला तर पोरांना चुरस कशी राहील?" त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की चुरस शाळेत आहे, अकरावीच्या यादीत आहे, पुढे सगळीकडेच आहे. गावाने तरी पोरांना एकदा सारखं बघावं.

ती दुसरी आलेली मुलगी आता अकरावी विज्ञानाला आहे, रोज लोकलने जाते. तिची आई बैठकीला पुन्हा येते. आमच्या पाड्यांवर या वर्षी दहावीला सहा मुली आहेत आणि त्यांच्या वह्या बघायचं काम तिने मागून घेतलं आहे. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती पानं उलटते आणि सह्या मोजते. जिथं सही नसेल तिथं मुलीकडे बघून नुसतं विचारते, "हे कधी?"

तुमच्या घरात, शेजारात दहावीची मुलगी असेल तर आज रात्री तिच्या वह्या उघडायला लावा. एवढंच सांगायचं होतं. नमस्कार.